वारीची तिथि आणि पावसाचें नक्षत्र

(१)

दर वर्षीं पालख्या पुण्यांतून पुढें गेल्या म्हणजे एक विधान हमखास ऐकूं येतें. कोणी म्हणतो कीं, पूर्वीं वारी चिखल तुडवीत जात असे, हल्लीं ती उन्हांत भाजून निघते. दुसरा तितक्याच खात्रीनें याच्या नेमकें उलट सांगतो. दोघांच्याहि स्मरणांत प्रत्यक्ष पाहिलेलीं वर्षें असतात व दोघांपैकीं कोणीहि खोटें बोलत नसतो. तथापि या वादाचा निकाल कधींच लागत नाहीं. आमच्या मतें याचें कारण पुराव्याची उणीव हें नसून, पुरावा ताडून पाहण्याची रीत चुकते हें आहे.

आळंदी व देहू येथून पंढरपुरापर्यंतची आषाढी वारी ही महाराष्ट्रांतील सर्वांत मोठी नियमित पायीं वाटचाल होय. सुमारें अडीचशें किलोमीटरांची ही वाट लक्षावधि माणसें अडीच-तीन आठवड्यांत चालून जातात, आणि तीहि ऐन पावसाळ्याच्या तोंडाशीं. या वाटेवर पाऊस कसा पडेल हें आधीं ओळखण्याचा प्रयत्न पंचांगकर्त्यांनीं केला, शेतकऱ्यांनीं केला व पुण्यांतीलच हवामानशास्त्रज्ञांनीं केला. या प्रयत्नांचा इतिहास एकत्र पाहिला असतां असें आढळतें कीं, 'अंदाज चुकला' असें ज्या वेळीं म्हटलें जातें त्या वेळीं पुष्कळदां विचारणाराचा प्रश्न एक असतो व अंदाजानें दिलेलें उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचें असतें. हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाहीं. वारकरी बहुतेक शेतकरी. पेरणी उरकून निघावें कीं पेरणी मुलांवर सोंपवून निघावें हें त्याला प्रस्थानापूर्वीं ठरवावें लागतें. आणि निघाल्यावर नदीला पाणी किती असेल यावर त्याचा जीव अवलंबून असतो.

(२)

प्रथम तिथीचा विचार करूं. श्रीज्ञानेश्वरांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीस आळंदीहून व श्रीतुकारामांची त्याच्या आदल्या दिवशीं, म्हणजे सप्तमीस, देहूहून निघते. पुण्यांत पहिलीचा मुक्काम भवानी पेठेंतील पालखी विठोबाच्या देवळांत व दुसरीचा नाना पेठेंतील निवडुंग्या विठोबाच्या देवळांत असतो. तेथून वाटा फुटतात. एक दिवे घाट चढून सासवड, जेजुरी, वाल्हें, लोणंद, फलटण, नातेपुतें, माळशिरस, वेळापूर या वाटेनें जाते. दुसरी लोणी काळभोर, यवत, बारामती, इंदापूर, अकलूज या वाटेनें. वाखरीस दोन्ही पालख्या पुन्हां जवळ येतात आणि आषाढ शुद्ध एकादशीस पंढरपुरांत वारी पूर्ण होते.

हें सर्व वेळापत्रक चंद्राचें आहे. पाऊस मात्र सूर्याच्या गतीनें येतो. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारें अकरा दिवसांनीं लहान असल्यामुळें एकादशी दर वर्षीं तितकी मागें सरते, आणि अधिक मास आला म्हणजे एकदम अठरा-एकोणीस दिवस पुढें जाते. अलीकडच्या तारखा पाहाव्या. आषाढी एकादशी २०१५ सालीं २७ जुलैस होती, २०१८ सालीं २३ जुलैस, २०२० सालीं १ जुलैस, २०२१ सालीं २० जुलैस, २०२२ सालीं १० जुलैस, २०२३ सालीं २९ जूनला, २०२४ सालीं १७ जुलैस व २०२५ सालीं ६ जुलैस. म्हणजे दहा-अकरा वर्षांच्या आंत हीच तिथि जवळ जवळ एका महिन्याच्या अंतरांत मागेंपुढें झाली.

याचा परिणाम नक्षत्रांच्या भाषेंत मांडला म्हणजे तो स्पष्ट दिसतो. हल्लीं सूर्य ७-८ जूनला मृगांत येतो, २१-२२ जूनला आर्द्रांत, ५-६ जुलैला पुनर्वसूंत आणि १९-२० जुलैला पुष्यांत. २०२३ सालीं ज्ञानेश्वरांची पालखी ११ जूनला निघाली व वारी २९ जूनला पुरी झाली. ती सगळी मृगांत व आर्द्रांत चालली. २०१८ सालीं अधिक ज्येष्ठ आल्यामुळें प्रस्थान ६ जुलैस झालें व एकादशी २३ जुलैस आली. ती वारी पुनर्वसु व पुष्य या नक्षत्रांत, म्हणजे लोकांच्या बोलींत तरण्या व म्हाताऱ्या पावसांत, चालली. पांच वर्षांच्या अंतरानें झालेल्या या दोन वाऱ्यांस एकहि नक्षत्र समान नाहीं. एका वर्षीं वाट कोरडी लागली व दुसऱ्या वर्षीं ओली लागली, एवढ्यावरून हवामान पालटलें असें म्हणणें म्हणजे एका गांवचा वैशाख दुसऱ्या गांवच्या आषाढाशीं ताडून पाहण्यासारखें आहे.

यावरून इतिहासाच्या अभ्यासकास पहिला नियम मिळतो तो असा. कोणत्याहि जुन्या वारीच्या पावसाचा उल्लेख आढळल्यास प्रथम त्या वर्षींची तिथि सौर तारखेंत उतरवून घ्यावी, अधिक मास होता कीं नव्हता हें पाहावें, आणि मगच ती नोंद दुसऱ्या वर्षाच्या शेजारीं मांडावी.

(३)

पंचांगकर्त्यांस हें चंद्रसूर्यांचें द्वैत ठाऊक नव्हतें असें नव्हे. धर्मकृत्यांस चांद्र तिथि व शेतीस सौर नक्षत्र अशी वांटणी आपल्याकडे फार जुनी आहे. शेतकरी एकादशीचा उपास तिथीनें धरतो, परंतु पेरणी मृगावर करितो. मृगापासून हस्तापर्यंतचीं नऊ नक्षत्रें हा त्याचा पावसाचा हिशेब. सुमारें साडेतेरा दिवसांचें एक नक्षत्र याप्रमाणें चार महिने त्यांत बसतात. हवामानाचें मोजमाप म्हणून हें माप चांगलें आहे, कारण तें ऋतूशीं बांधलेलें आहे.

तथापि तेंहि अगदीं घट्ट बांधलेलें नाहीं. नाक्षत्र वर्ष हें ऋतूंच्या वर्षाहून किंचित् मोठें असल्यामुळें सुमारें ७२ वर्षांत एक दिवस याप्रमाणें नक्षत्रें ऋतूंच्या पुढें सरकतात. शिवकालापासून आजपर्यंत हा फरक सुमारें पांच दिवसांचा झाला. आज मृग ७-८ जूनला लागत असेल तर इ. स. १६७४ च्या सुमारास तो नव्या गणनेप्रमाणें ३ जूनच्या आसपास लागत असला पाहिजे. यांत आणखी एक खांचखळगा आहे. इंग्रजांनीं नवी तारखेची पद्धति १७५२ सालीं स्वीकारली. त्यापूर्वींच्या त्यांच्या कागदांतील तारखा सतराव्या शतकांत दहा दिवसांनीं मागें असत. राज्याभिषेकाची ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, ही जुन्या गणनेनें ६ जून व नव्या गणनेनें १६ जून होय. ६ जून वाचून कोणी 'अद्यापि मृग लागला नव्हता' असें समजेल. वस्तुतः त्या दिवशीं मृग सरत आला होता. अशा दोन चुका एकाच दिशेनें पडल्या म्हणजे अनुमानांत पंधरा दिवसांचा फरक पडतो, आणि पावसाळ्याच्या आरंभीं पंधरा दिवस हे फार होत.

नक्षत्रावरून पाऊस केव्हां येईल हें कळे. किती येईल यासाठीं पंचांगांत वाहनाची योजना असते. सामान्यतः सूर्य नव्या नक्षत्रांत शिरतो त्या वेळचें चंद्रनक्षत्र घेऊन, सूर्यनक्षत्रापासून तेथपर्यंत मोजून येणाऱ्या संख्येस नवांनीं भागतात व बाकीवरून वाहन ठरवितात. हत्ती, बेडूक, म्हैस हीं वाहनें आलीं तर पाऊस भरपूर, गाढव किंवा उंदीर आला तर ओढ, असा समज आहे. गणित सोपें आहे व त्यांत चूक होत नाहीं. परंतु निष्कर्षाचा आधार पावसाच्या नोंदीवर नाहीं. शिवाय त्यांत स्थळाचा विचारच नाहीं. एकदां आर्द्रांचें वाहन म्हैस ठरलें म्हणजे तें महाबळेश्वरास लागू आणि माळशिरसासहि लागू.

जुन्या ग्रंथकारांची दृष्टि याहून रुंद होती, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत कोठाराजवळ पर्जन्य मोजण्याचें भांडें ठेवण्यास सांगितलें असून निरनिराळ्या देशांचें पर्जन्यमान वेगवेगळें दिलें आहे. अश्मकासारख्या दक्षिणेंतील प्रदेशाचें मान मोजून सांगितलेलें आहे, तर अपरांताचें म्हणजे कोंकणाचें अमित आहे. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत मेघांच्या गर्भधारणेपासून १९५ दिवसांनीं वृष्टि होते असा सिद्धांत मांडला, व पडलेला पाऊस मोजण्याची रीतहि दिली. सिद्धांत आज टिकत नाहीं. पण आधीं लक्षणें टिपावीं, मागाहून पाऊस मोजावा, हा क्रम त्यांत आहे. पुढील काळांतील वाहनगणितांत तो क्रम सुटला.

(४)

आतां स्थळाचा विचार. वारीची वाट पश्चिमेकडून पूर्वेकडे उतरते, आणि पाऊसहि याच दिशेनें उतरत जातो. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरास वर्षास ५५० सेंटीमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पुण्यास ७० ते ७५ सेंटीमीटर. आणि फलटण-माळशिरसाकडे साधारण ५० सेंटीमीटरांच्या आसपास. अरबी समुद्रावरून येणारे वारे घाटावर चढतांना आपलें बहुतेक पाणी टाकून देतात व पलीकडे कोरडे होऊन जातात. म्हणून आळंदीस भिजून निघालेला वारकरी लोणंदच्या पुढें ढगांखालून कोरडाच चालतो, यांत नवल नाहीं. 'वारींत पाऊस पडला काय?' या प्रश्नास एक उत्तर नाहीं; दिवे घाटांत पडला काय, नीरेच्या कांठीं पडला काय, वेळापुरास पडला काय, असें विचारलें पाहिजे. जुन्या वारकऱ्याची आठवण पुष्कळदां एखाद्या मुक्कामाची असते आणि तिचा विस्तार सबंध वाटेवर केला जातो.

परंतु येथें एक गोष्ट उलटी आहे, आणि ती जिवाशीं गांठ घालणारी आहे. पावसापासून दूर गेलेला वारकरी पाण्यापासून दूर जात नाहीं. इंद्रायणी, मुळा-मुठा, नीरा, भीमा या साऱ्या नद्या सह्याद्रींत उगम पावतात. घाटमाथ्यावर पडलेला पाऊस दिवसां-दोन दिवसांनीं कोरड्या प्रदेशांत पूर होऊन उतरतो. पंढरपुरास आभाळ निरभ्र असतां चंद्रभागा दुथडी भरून वाहते, ती या कारणानें. उजनी धरण १९८० सालीं पुरें झाल्यापासून भीमेचें पाणी तेथें अडतें. नीरेवर वीर धरण आहे आणि नीरा पुढें नृसिंहपुराजवळ भीमेस मिळते. तेव्हां वाळवंटांत पाणी किती येणार हें आतां आभाळाइतकेंच धरणांच्या दरवाजांवर अवलंबून आहे. वारकऱ्याच्या दृष्टीनें उपयुक्त अंदाज त्याच्या डोक्यावरील ढगांचा नसून, त्याच्या मागें शेंदीडशें किलोमीटरांवरील ढगांचा असतो.

याचें सर्वांत भीषण उदाहरण पुण्याच्याच इतिहासांत आहे. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, त्यापाठोपाठ खडकवासल्याचें फुटलें आणि मुठेच्या कांठच्या पेठा पाण्याखालीं गेल्या. त्या वर्षीं अधिक ज्येष्ठ होता. तिथीचा हिशेब केल्यास १२ जुलै ही निज ज्येष्ठाची अमावास्या येते. ज्येष्ठ वद्य अष्टमीस आळंदीहून निघणारी पालखी नवमीस पुण्यास येते व एक दिवस थांबून पुढें निघते. म्हणजे प्रघाताप्रमाणें पालख्यांचा पुण्याचा मुक्काम हलून त्या वेळीं तीन-चार दिवसच झाले असले पाहिजेत. चंद्राची गति आठवडाभर वेगळी असती, तर नदीकांठच्या पेठांतून वारकऱ्यांची दाटी असतांना तें पाणी शहरांत शिरलें असतें. हा लोंढा धरणें फुटल्यामुळें आला, केवळ पावसामुळें नव्हे; तरीहि वारीची तिथि पावसाळ्यांत नेमकी कोठें पडते ही गोष्ट किती जीवनमरणाची आहे, हें यावरून ध्यानांत येईल.

(५)

पुणें हें वारीच्या वाटेवरील पहिलें मोठें ठाणें आहे तसेंच तें हिंदुस्थानांतील हवामानशास्त्राचेंहि एक मुख्य ठाणें आहे. दख्खनच्या हवेचें यंत्रांनीं मोजमाप करण्याचा आरंभ लेफ्टनंट कर्नल साइक्स यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत केला. त्यांचा निबंध १८३५ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें प्रसिद्ध केला. हवामान खातें १८७५ सालीं स्थापन झालें व हेन्री ब्लॅनफर्ड हे त्याचे पहिले प्रमुख झाले. पाठोपाठ १८७६-७८ चा दुष्काळ आला. दख्खनची त्यांत दैना झाली, आणि पावसाळ्यापूर्वीं पाऊस सांगतां येईल काय, असा प्रश्न सरकारनें खात्यास विचारला. हिमालयावर उन्हाळ्याच्या आरंभीं बर्फ अधिक असेल तर पाऊस कमी, या संबंधावरून ब्लॅनफर्ड यांनीं १८८२ पासून प्रायोगिक अंदाज दिले, व पहिला रीतसर अंदाज ४ जून १८८६ रोजीं निघाला.

येथें एक गोष्ट नीट पाहावी. हा प्रश्न वारकऱ्याचा नव्हता, वाटसरूचा नव्हता. तो खजिन्याचा होता. सारा किती वसूल होईल, धान्य कोठें कमी पडेल, हें सरकारास आधीं कळावयास हवें होतें. त्यामुळें उत्तरहि सबंध देशाच्या सबंध मोसमाचें दिलें गेलें. आणि त्या मर्यादेंतहि तें नेहमीं साधलें नाहीं. ब्लॅनफर्ड यांच्यामागून आलेल्या जॉन इलियट यांचा १८९९ चा अंदाज साफ चुकला; चांगल्या पावसाची अपेक्षा असतां त्या वर्षीं देशभर भयंकर अवर्षण पडलें.

त्यानंतर १९०४ ते १९२४ पर्यंत गिल्बर्ट वॉकर हे खात्याचे प्रमुख होते. हे मूळचे गणिती. कोणतें लक्षण पावसाशीं खरोखर निगडित आहे व कोणतें नुसतें योगायोगानें जुळलें आहे, हें त्यांनीं आंकड्यांनीं तपासलें. जगभरच्या हवेच्या दाबांचीं कोष्टकें ताडतांना प्रशांत महासागर व हिंदी महासागर यांच्यांतील दाबांचा झुलता संबंध त्यांस आढळला. त्यासच पुढें दक्षिणी दोलन हें नांव रूढ झालें, आणि एल्-निनोशीं त्याचें नातें १९६० नंतर उलगडलें. त्यांनीं सबंध हिंदुस्थानास एकच माप न लावतां त्याचे विभाग पाडले व द्वीपकल्पाचा निराळा विचार केला. वाहनगणितांत सुटलेलीं दोन सूत्रें, म्हणजे नोंद व स्थळ, अशा रीतीनें पुन्हां हातीं आलीं.

१९२८ सालीं खात्याची मुख्य कचेरी सिमल्याहून पुण्यास आली. शिवाजीनगरांतील ती इमारत आजहि पुणेकरांच्या तोंडीं 'सिमला ऑफिस' याच नांवानें आहे, आणि पालख्या शहरांत शिरतात ती वाट तिच्यापासून थोड्याच अंतरावरून जाते. १९३२ सालीं डॉ. ल. अ. रामदास यांच्या नेतृत्वाखालीं शेतीच्या हवामानाची शाखा पुण्यास सुरू झाली, व १९४५ पासून शेतकऱ्यांसाठीं हवामानवृत्तें आकाशवाणीवरून जाऊं लागलीं. मुख्य कचेरी १९४४ सालीं दिल्लीस गेली, तरी मोसमी अंदाजाचें काम पुण्यासच राहिलें. १९६२ सालीं उष्णकटिबंधीय हवामानाच्या अभ्यासाची स्वतंत्र संस्थाहि येथेंच निघाली.

१९८८ सालीं डॉ. वसंत गोवारीकर व त्यांचे सहकारी यांनीं सोळा घटकांचें गणित प्रचारांत आणलें, आणि पुढें कांहीं वर्षें त्यानें चांगली साथ दिली. २००२ सालीं मात्र फजिती झाली. अंदाज सरासरीच्या १०१ टक्के पावसाचा होता. प्रत्यक्षांत मोसम १९ टक्क्यांनीं तुटीचा गेला, आणि एकट्या जुलैचा पाऊस देशांत सरासरीच्या निम्म्याच्या आसपास राहिला. त्या वर्षींची एकादशी जुलैच्या २० तारखेच्या सुमारास होती, म्हणजे वारीची सारी वाटचाल त्याच जुलैंत झाली. पुढच्याच वर्षीं तें गणित बदलण्यांत आलें.

येथें आमचा मूळ मुद्दा पुन्हां येतो. मोसमाचा अंदाज अगदीं बरोबर ठरला असता तरी वारकऱ्यास त्याचा उपयोग किती झाला असता? देशाच्या चार महिन्यांच्या बेरजेंत आळंदी ते पंढरपूर ही चिंचोळी पट्टी व अठरा-वीस दिवस हे समुद्रांतील घागरीसारखे आहेत. चांगल्या मोसमांतहि दोन-तीन आठवडे पाऊस दडी मारतो, वाईट मोसमांतहि एखादा आठवडा झोडपून जातो. पावसाचा हा जोर आणि खंड साधारण तीस ते साठ दिवसांच्या आंदोलनानें येतो. म्हणून वारीस योग्य तो अंदाज मोसमाचा नव्हे व केवळ उद्यांचाहि नव्हे, तर पुढील दोन ते चार आठवड्यांचा. असा अंदाज नियमानें देण्याची शक्ति गेल्या दहा-पंधरा वर्षांतच आली आहे, आणि ती विकसित करण्यांत पुण्याच्या संस्थेचा मोठा वांटा आहे. खजिन्याच्या प्रश्नानें सुरू झालेलें हें शास्त्र वाटसरूच्या प्रश्नापर्यंत पोंचण्यास सव्वाशें वर्षें लागलीं.

(६)

मग इतकीं वर्षें वारी अंदाजावांचून कशी चालली? याचें उत्तर वारीच्या व्यवस्थेंत आहे. तुकारामांचे पुत्र नारायण महाराज यांनीं इ. स. १६८५ च्या सुमारास पालखीचा सोहळा सुरू केला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत हैबतबाबा आरफळकर यांनीं आळंदीच्या सोहळ्यास आजचें शिस्तबद्ध रूप दिलें. हैबतबाबा हे शिंद्यांच्या पदरीं राहिलेले गृहस्थ. लष्करी कूच कसें असतें हें त्यांस ठाऊक होतें. मुक्काम ठरलेले, दिंड्यांचा क्रम ठरलेला, आणि पादुकांसाठीं तंबू व सोहळ्यासाठीं घोडे अंकलीच्या शितोळे सरदारांकडून.

मराठ्यांच्या लष्कराचा रिवाज पावसाळ्यांत छावणी करून दसऱ्यास बाहेर पडण्याचा होता. लष्करास पाऊस टाळतां येत होता, वारीस तो टाळतां येत नव्हता. म्हणून जेथें मोहिमेनें ऋतु निवडला, तेथें वारीनें व्यवस्था निवडली. पाऊस येईल असें धरून घोंगडी व इरलें बरोबर घ्यावें, येणार नाहीं असें धरून पाण्याची सोय बघावी, आणि दोन्हीपैकीं कांहींहि झालें तरी तिथि चुकवूं नये. ज्याची तारीख बदलतां येत नाहीं त्याला अंदाजाची गरज नाहीं असें वरवर पाहतां वाटेल. आमचें मत याच्या उलट आहे. ज्याला थांबतां येत नाहीं त्यालाच पुढें काय आहे हें आधीं कळण्याची गरज अधिक.

अलीकडील दोन वर्षें याचीं साक्षी आहेत. २०२३ सालीं अरबी समुद्रांतील बिपरजॉय वादळाच्या वेळीं मोसमी वाऱ्यांची चाल लांबली. एरवीं १० जूनच्या आसपास पुण्यास येणारा पाऊस २५ जूनच्या सुमारास आला. एकादशी २९ जूनची. म्हणजे बहुतेक वाट उन्हांतच सरली होती, आणि मागें शेतें पेरणीची वाट पाहत होतीं. २०२५ सालीं तोच पाऊस २६ मे रोजींच पुण्यांत दाखल झाला. पालखी १९ जूनला निघाली तेव्हां त्याला तीन आठवड्यांहून अधिक काळ लोटला होता. या दोन वर्षांच्या प्रस्थानांत अंतर आठ दिवसांचें, पण पावसाच्या आगमनांत अंतर एका महिन्याचें. तेव्हां तिथीचा हिशेब केला म्हणजे सर्व उलगडा होतो असें आम्ही म्हणत नाहीं. तिथीचा भाग वजा केल्यावर जो फरक उरतो तोच हवामानाचा खरा फरक. तो वजा न करतां केलेली तुलना मात्र व्यर्थ होय.

(७)

सारांश, वारीच्या पावसासंबंधीं कोणतेंहि जुनें अथवा नवें विधान पारखतांना तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, त्या वर्षींची तिथि सौर तारखेनें कोठें पडली व अधिक मास कोणता होता. दुसरी, तारीख जुन्या गणनेची आहे कीं नव्या, आणि नक्षत्राचा आरंभ त्या काळीं केव्हां होत असे. तिसरी, नोंद कोणत्या मुक्कामाची आहे व ती पडलेल्या पावसाची आहे कीं वरून उतरलेल्या पुराची. या तीन चाळण्यांतून गेलेली एक नोंद, न गेलेल्या शंभर आठवणींहून अधिक मोलाची आहे.

अशा नोंदी मिळण्याजोग्या आहेत. अनेक दिंड्यांच्या फडांवर जमाखर्चाच्या वह्या असतात. त्यांत गाड्या रुतल्याबद्दलचा खर्च, नावेचें उतारुभाडें, ओल्या सरपणाऐवजीं विकत घेतलेल्या गोवऱ्या, पाणी न मिळाल्यामुळें बदललेली विश्रांतीची जागा, असले बारीक तपशील येणें संभवनीय आहे. लिहिणारास ते क्षुल्लक वाटले असतील. पण मुक्काम आणि तिथि यांसह ते मिळाले तर पर्जन्यमापक नसलेल्या गांवांतील पावसाची तीच साक्ष ठरेल. वेधशाळेच्या आंकड्यांस जेथें आरंभ होतो त्याच्याहि मागें जाण्याचा हा एक मार्ग आहे.

ज्यांच्या घरीं अशा वह्या असतील त्यांनीं त्या रद्दींत जाऊं देऊं नयेत. आणि यापुढें जे वारीस जातील त्यांनीं दर मुक्कामीं पाऊस पडला कीं नाहीं, नदीस पाणी किती होतें, एवढें तरी तिथि व तारीख घालून लिहून ठेवावें. आमच्या पूर्वजांनीं वाट चालून ठेवली, हिशेब ठेवला नाहीं. निदान पुढील संशोधकास तरी आमच्याविषयीं तसें म्हणण्याची पाळी येऊं नये.